वाचक विचारतात : कोरियन जेवण, इंदूरच्या घरात आणि सेऊलच्या वाटेवर

या वेळी आलेली बहुतेक पत्रं इंदूरच्या शाकाहारी घरांतली आहेत. म्हणून उत्तरांमध्ये दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतील, स्वयंपाकघरातलं तापमान आणि रश्श्याचं पाणी. कोरियन पदार्थ आपल्याकडे बिघडतो तो बहुधा पहिल्यामुळे, आणि शाकाहारी माणूस फसतो तो दुसऱ्यामुळे.

प्रश्न : व्हिडिओ पाहून एप्रिलमध्ये किमची घातली. 'दोन दिवस ओट्यावर ठेवा' असं त्यात सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी बरणीतून पाणी उतू गेलं, पानं लिबलिबीत झाली आणि चव नुसती आंबट. आमच्याकडे मासे चालत नाहीत, म्हणून फिश सॉस घातला नव्हता. त्यामुळे बिघडली का? (गृहिणी, सुदामानगर)

नाही, ताई. मासळीचा सॉस चवीसाठी असतो. आंबवण्याचं काम कोबीच्या पानांवर आणि मसाल्यातल्या भाज्यांवर आधीपासून असलेले जिवाणू करतात. तुमची किमची उन्हाळ्यामुळे गेली.

'दोन दिवस ओट्यावर' हा हिशोब १८ ते २० अंश तापमानाच्या घराचा आहे. इंदुरात एप्रिलच्या दुपारी स्वयंपाकघर ३२-३५ अंशांवर असतं आणि रात्रीही फारसं निवत नाही. किमचीत आधी ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू काम करतात. तोंडात चुरचुरणारा तो ताजा वायू त्यांचाच. आंबटपणा वाढला की लॅक्टोबॅसिलस गट पुढे सरसावतो. थंडीत पहिला टप्पा बरेच दिवस टिकतो, उन्हाळ्यात तो काही तासांत उरकतो आणि थेट आंबट टप्पा सुरू होतो. पानांना ताठ ठेवणारं पेक्टिनही उष्णतेत आणि कमी मिठात लवकर विरघळतं, म्हणून पानं लिबलिबीत होतात. तार सुटली असेल तर मसाल्यात साखर जास्त पडली होती असं समजा, कारण ल्युकोनोस्टॉक साखरेपासून चिकट पदार्थ बनवतो.

कोरियात वर्षाची किमची घालतात ती नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीला. शेजारीपाजारी जमून ती घालायची आणि वाटून घ्यायची या प्रथेला किमजांग म्हणतात. २०१३ मध्ये युनेस्कोने तिचा मानवतेच्या अमूर्त वारशात समावेश केला. पूर्वी मातीचे रांजण जमिनीत पुरून ठेवत, आता बहुतेक घरांत किमचीसाठी वेगळा फ्रिज असतो. दोन्हींत मतलब एकच, तापमान शून्याच्या आसपास आणि स्थिर ठेवायचं. इंदूरकरांनी मोठा घाणा डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत घालावा. बाकी वर्षभर थोडी थोडी करावी.

दोन किलो चायनीज कोबीचं माप असं. गड्डे उभे चिरून चार फाका करा. दीड लिटर पाण्यात १०० ग्रॅम खडे मीठ विरघळवून फाका बुडवून काढा. आणखी १०० ग्रॅम मीठ पानापानांत, विशेषतः जाड पांढऱ्या देठांवर भुरभुरा. मीठ वजन करूनच घ्या. बारीक मीठ वाटीत जास्त मावतं आणि वाटीच्या मापाने किमची हमखास खारट होते. हिवाळ्यात सहा ते आठ तास ठेवा, दर दोन तासांनी उलटा. देठ मुडपला तर वाकला पाहिजे, कट्‌कन तुटता कामा नये. मग तीन पाण्यांतून धुवा आणि दीड-दोन तास रोवळीत निथळू द्या. निथळणं घाईने उरकलं की मसाला पातळ होऊन खाली बसतो. या वेळी पान चाखा. ते भाजीपेक्षा खारट आणि लोणच्यापेक्षा अळणी लागलं पाहिजे.

मसाल्यासाठी दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ दीड वाटी पाण्यात शिजवून खळ करा आणि पूर्ण गार होऊ द्या. त्यात ८० ते १०० ग्रॅम कोरियन मिरची, ६० ग्रॅम लसूण, १० ग्रॅम आलं, अर्धं सफरचंद किंवा नाशपाती वाटून घाला. ३०० ग्रॅम मुळ्याचे बारीक काप आणि कांद्याची पात मिसळा. आलं याहून वाढवलं तर कडवट होतं. फिश सॉसच्या जागी दोन मोठे चमचे हलक्या रंगाचा सोया सॉस आणि एक छोटा चमचा मीठ घाला. खळीचं पाणी साधं न घेता केल्प या समुद्री शेवाळाचं आणि सुक्या शिताके मशरूमचं घेतलं (कृती खाली, चातुर्मासाच्या उत्तरात), तर मासळीची उणीव खरंच जाणवत नाही. यात काटकसर करू नका.

काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा, पण वरचा पाव भाग रिकामा सोडा. ॲल्युमिनियमचं भांडं नको. जानेवारीत एक दिवस बाहेर ठेवून फ्रिजमध्ये टाका, एप्रिल-मेमध्ये चार ते सहा तास पुरे. रोज स्वच्छ चमच्याने दाबून पानं पाण्याखाली राहतील असं बघा. वर पातळ पांढरी साय दिसली तर ती बहुधा यीस्ट असते. ती काढून टाका, खालची पानं धुवा आणि शिजवूनच वापरा. हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली तर अख्खी बरणी फेका, वरचं काढून चालत नाही.

उन्हाळ्यात किमची हवीच असेल तर काकडीची करा. पाऊण किलो कोवळ्या काकड्यांना २५ ग्रॅम मीठ लावून अर्धा तास ठेवा, धुऊन निथळा, मसाला भरा, थेट फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. तुमची बिघडलेली किमची नुसतीच आंबट असेल, दुर्गंधी नसेल, तर तिची धिरडी होतील. चिरलेली किमची एक वाटी, मैदा एक वाटी, तांदळाचं पीठ दोन चमचे, किमचीचं पाणी दोन चमचे आणि गार पाणी पाऊण वाटी. तेल सढळ हाताने सोडा, नाहीतर कडा कुरकुरीत होत नाहीत.

प्रश्न : कोरियन मिरची महाग पडते. खरगोनची, बेडियाच्या मंडीतली मिरची चालेल का? (रामबाग)

निमाडची मिरची चवीला झकास, पण या कामाला तिखट. गोचुगारू, म्हणजे कोरियन मिरचीची भरड, बिया काढून भरड कुटलेली असते. रंग दाट आणि तिखटपणा बेताचा, म्हणूनच ती किलोमागे पन्नास ग्रॅम घालता येते. सियागंजातून चांगली बेडगी किंवा काश्मिरी आणा. बिया आणि देठ काढा, उन्हात कडक करा आणि मिक्सर थांबवत थांबवत भरड फिरवा. बारीक पूड वापरली तर मसाल्याचा लगदा होतो आणि चव तुरट लागते. गोचुजांगला, म्हणजे मिरचीच्या आंबवलेल्या वाटणाला, मात्र असा घरगुती पर्याय शोधू नका. त्यात चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड आणि जवाचं माल्ट महिनोन्‌महिने मुरलेलं असतं. मिरची-गूळ-सोया सॉस कालवून त्याचा रंग येतो, चव येत नाही. डबाच विकत घ्या, फ्रिजमध्ये बरेच महिने टिकतो.

प्रश्न : आमच्या घरी शेतातलं सोयाबीन येतं. कोरियन लोक त्याचे मोड खातात आणि त्याचं आंबवलेलं वाटणही करतात असं वाचलं. इथे घरी होईल का? (शेतकरी कुटुंब, राऊ)

सोयाबीनच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था ज्या शहरात आहे, तिथल्या घरांत सोयाबीन फक्त तेल आणि वड्यांच्या रूपात यावं याची खंत वाटते. तुमचा प्रश्न म्हणूनच फार आवडला.

आधी सावधगिरी. पेरणीसाठी आणलेलं बियाणं कधीही वापरू नका. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, बहुतेकदा गुलाबी-लाल रंगाचं, आणि ते धुतल्याने जात नाही. खाण्यासाठी ठेवलेलं, या वर्षीचं, अखंड धान्य घ्या. मळणीयंत्रात दाणे तडकतात. तडकलेला दाणा मोड काढत नाही, कुजतो आणि शेजारच्यांनाही कुजवतो. म्हणून निवडण्यात अर्धा तास गेला तरी चालेल. लहान दाण्याचं सोयाबीन मोडांना जास्त चांगलं.

हिवाळ्यात सहा ते आठ तास भिजवा, उन्हाळ्यात चार-पाच. तळाला भोकं असलेल्या भांड्यात दोन-तीन दाण्यांचा थर द्या, वर काळं जाड फडकं घाला. दिवसातून पाच-सहा वेळा भरपूर पाणी ओता आणि ते पूर्ण निथळू द्या. मटकीसारखं फडक्यात बांधून ठेवलं तर सोयाबीन तापतं आणि वास मारतो. पाणी ओतायचं ते नुसतं ओलाव्यासाठी नाही, दाणे गार ठेवण्यासाठीही. २० ते २५ अंशांत पाच-सहा दिवसांनी बोटभर लांब मोड येतात. उजेड लागला तर डोकी हिरवी होतात आणि चव उतरते. मे महिन्यात हा खटाटोप करू नका, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

हे मोड कच्चे खायचे नाहीत. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो शिजवल्यावर निष्प्रभ होतो. ३०० ग्रॅम मोड अर्धी वाटी पाणी आणि चिमूट मीठ घालून पाच-सहा मिनिटं वाफवा. झाकण ठेवलं तर शेवटपर्यंत ठेवा, नाहीतर सुरुवातीपासूनच उघडं शिजवा. मध्येच झाकण काढलं की कच्चा, हिरवट वास धरतो. गार पाण्यातून काढून निथळा. त्यात अर्धा चमचा मीठ, एक पाकळी लसूण, दोन छोटे चमचे भाजक्या तिळाचं तेल, पातीचा कांदा आणि भाजलेले तीळ कालवा. आपलं घाण्याचं तेल कच्च्या तिळाचं असतं, त्यात तो खमंगपणा नाही. अर्धी वाटी तेलात दोन मोठे चमचे भाजून कुटलेले तीळ घाला, पाच मिनिटं मंद आचेवर ठेवून गाळा. काम भागतं.

आंबवलेलं वाटण, म्हणजे डोएन्जांग, घरी करू नका असं स्पष्ट सांगतो. शिजवलेल्या सोयाबीनच्या विटा करून, तांदळाच्या पेंढ्याने बांधून, कित्येक आठवडे टांगतात. मग त्या मिठाच्या पाण्यात महिना-दोन महिने ठेवतात. पाणी वेगळं काढलं की तो सोया सॉस, उरलेला गाळ मुरला की डोएन्जांग. विटांवर बुरशी वाढते ती हवीच असते, पण हवी ती बुरशी आणि विषारी बुरशी नवख्या डोळ्यांना वेगळी ओळखता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचं हे कसब आहे. २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत त्याचीही नोंद झाली.

त्याऐवजी उन्हाळ्यात कोंगगुक्सू करा. गार सोयादुधातल्या शेवया, संपूर्ण शाकाहारी. एक वाटी सोयाबीन आठ तास भिजवा (उन्हाळ्यात फ्रिजमध्ये), मोठ्या पातेल्यात उकळी आल्यावर बारा-पंधरा मिनिटं शिजवा. फेस उतू जातो, समोर उभे राहा. कमी शिजलं तर हिरवट लागतं, फार शिजलं तर आंबवल्यासारखा जड वास येतो. दाणा चावून पाहा, कच्चटपणा गेला की लगेच उतरवा. सालं चोळून काढा, दोन चमचे भाजके तीळ आणि तीन-चार वाट्या गार पाणी घालून अगदी मऊ वाटा. फ्रिजमध्ये थंड करा. गव्हाच्या बारीक नूडल्स उकडून, गार पाण्यात चोळून धुवा आणि त्यावर हे दूध ओता. वर काकडीचे काप. मीठ प्रत्येकाने आपल्या वाडग्यात घालायचं.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. रोज कोरियन झणझणीत नूडल्स मागते. शाकाहारी आहे हे कसं ओळखायचं आणि रोज दिलं तर? (राजेंद्रनगर)

पाकिटावरच्या चित्रावर जाऊ नका. भारतात विकायला आलेल्या पाकिटावर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण असलाच पाहिजे. खूण नसेल तर घेऊ नका. एकाच नावाच्या नूडल्सचे शाकाहारी आणि मांसाहारी असे दोन्ही प्रकार मिळतात, म्हणून दर वेळी पाहा. मांसाचा अर्क मसाल्याच्या पुडीत असतो, तुकडे दिसतीलच असं नाही.

रोज नको. कारण तिखटाहून मिठाचं आहे. अनेक पाकिटांत १,५०० ते १,९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसभरासाठी २,००० च्या आत राहायला सांगते. आठवड्यातून एकदा, मसाला अर्धा, रस्सा तळाला सोडून द्यायचा, सोबत मोड, पालक किंवा मशरूम आणि टोफू. मुलीला तोडण्यापेक्षा तिलाच मोडांची भाजी करायला शिकवा. कोरियन घरातलं रोजचं जेवण भात, सूप आणि दोन-तीन भाज्यांचंच असतं.

प्रश्न : तांदळाच्या पिठाचे तोकबोक्की घरी केले, एकदा फुटले आणि एकदा रश्श्यात विरघळले. (नेहरूनगर)

फुटले ते बासमतीच्या पिठामुळे, विरघळले ते नुसत्या चिकट तांदळाच्या पिठामुळे. कोरियन तांदूळ या दोन्हींच्या मधला. आपल्याकडे सहज मिळणाऱ्यांत इंद्रायणी त्याला जवळचा. बारीक पीठ २०० ग्रॅम, टॅपिओका स्टार्च ५० ग्रॅम, अर्धा चमचा मीठ आणि सुमारे २२५ मिलिलिटर उकळतं पाणी. मोदकाची उकड काढता तशीच काढा आणि गरम असतानाच तिळाच्या तेलाच्या हाताने दहा मिनिटं मळा. मळण्यात कसर राहिली की चिरा पडतात. करंगळीएवढ्या जाड वळ्या करून पाच सेंटिमीटरचे तुकडे पाडा, पंधरा मिनिटं वाफवा, गार पाण्यातून काढा.

दोन वाट्या केल्पच्या पाण्यात दोन मोठे चमचे गोचुजांग, एक चमचा भरड मिरची, एक सोया सॉस आणि एक साखर उकळून घ्या. घरचे तुकडे शेवटच्या चार-पाच मिनिटांतच घाला. विकतचे आठ-दहा मिनिटं तग धरतात. उरलेले तुकडे फ्रिजमध्ये ठेवू नका, त्या तापमानाला स्टार्च सर्वांत लवकर कडक होतो. त्याच दिवशी खा किंवा फ्रीझरमध्ये ठेवा. किंबापचा (समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या भाताच्या वळकटीचा) भातही याच कारणाने फ्रिजमध्ये रवाळ होतो.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन कोरियाला जायचं आहे. ते अंडंही खात नाहीत. उपाशी राहतील का? (स्कीम ७८)

राहणार नाहीत, पण 'मांस नको' एवढं सांगून भागणार नाही. रस्से, सूप, तोकबोक्की आणि पुष्कळशा भाज्या सुकवलेल्या लहान माशांच्या पाण्यात शिजतात. किमचीत मासळी असते. जापचेमध्ये (रताळ्याच्या स्टार्चच्या नूडल्स) बरेचदा गोमांसाच्या कातळ्या असतात, किंबापमध्ये अंडं आणि हॅम. बिबिंबाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, सर्वांत सोपं. त्यात मांस आणि अंडं घालू नका असं सांगता येतं, पण वरचा गोचुजांग कधीकधी खिम्यात परतलेला असतो, तो वेगळा मागवा आणि विचारा. तोंडी सांगायला हे पुरे : 'गोगीहागो सेंगसॉन प्पे जुसेयो', म्हणजे मांस आणि मासे काढून द्या. अंड्यासाठी 'केरान्दो प्पे जुसेयो'. कोरियन लिपीत लिहून फोनमध्ये ठेवलं तर आणखी बरं.

निर्धास्तपणे विचारावेत असे पदार्थ म्हणजे भोपळ्याची पेज होबाकजुक, भाजलेली रताळी आणि साखर-दालचिनी भरलेली होत्तोक. माशाच्या आकाराच्या बुंगओप्पांगमध्ये मासा नसतो, लाल चवळीसारख्या दाण्याचं गोड पुरण असतं, पण पिठात अंडं असू शकतं. सेऊलमध्ये जोग्येसा या बौद्ध मंदिरासमोर जोग्ये पंथाचं बालवू गोंग्यांग हे मठातल्या जेवणाचं उपाहारगृह आहे. आधी जागा राखून एक दुपार तिथे घालवाच. मठात मुक्काम करण्याचा टेंपलस्टे कार्यक्रम २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी सुरू झाला. तिथे जेवण शाकाहारी असतं, पण जमिनीवर झोपणं आणि पहाटे उठणं असतं. वडिलांचे गुडघे विचारात घ्या.

भारतीय पासपोर्टला व्हिसा आधी काढावा लागतो. दिल्लीहून इंचॉनला थेट विमान आहे. विमानतळावरून सेऊल स्टेशनला जाणारी एक्स्प्रेस पहिल्या टर्मिनलवरून ४३ मिनिटांत पोचते. टी-मनी कार्ड कुठल्याही छोट्या दुकानात मिळतं, ते रोख वॉन देऊन भरायचं, मेट्रो-बस दोन्हींत चालतं. पायी रस्ता शोधायला नेव्हर मॅप वापरा. शेव-चिवड्याची सीलबंद पाकिटं न्या, ताजी फळं, भाज्या आणि बियाणं नेऊ नका.

प्रश्न : चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो. कोरियन काही करता येईल? (लोकमान्यनगर)

कोरियन बौद्ध मठातलं जेवण तुमच्यासाठीच आहे. त्यात लसूण, कांद्याची पात आणि त्याच कुळातल्या आणखी दोन पाती वर्ज्य असतात, आणि पाचवा वर्ज्य पदार्थ हिंग! म्हणून आपली सवयीची फोडणीही बाजूला ठेवा. दहा सेंटिमीटर केल्प लिटरभर पाण्यात अर्धा तास भिजवा, मंद तापवा आणि उकळी फुटताच केल्प काढा. राहिला तर पाणी बुळबुळीत, कडसर होतं. त्यात तीन-चार सुके शिताके वीस मिनिटं उकळा. बटाटा, दुधी, टोफू घालून शिजवा, शेवटी दोन मोठे चमचे डोएन्जांग पाण्यात कालवून गाळणीतून सोडा आणि पाच मिनिटांत उतरवा. मीठ घालू नका, डोएन्जांग पुरेसं खारट असतं.

प्रश्न : पिथमपूरच्या कंपनीतले कोरियन साहेब पत्नीसह जेवायला येणार आहेत. काय करू, कसं वाढू? (विजयनगर)

आपलंच जेवण करा. भात, वरण, भरली वांगी, कोशिंबीर, पापड त्यांना आवडण्यासारखं आहे. कोथिंबीर अनेकांना सवयीची नसते, वेगळी ठेवा, आणि गोड बेताचं करा. भात शेवटी नको, पहिल्यापासून सगळ्याबरोबर वाढा. जेवायच्या काड्या (चॉपस्टिक्स) शोधत बसू नका, चमचा द्या. कोरियात भात-सूप चमच्यानेच खातात.

वयाने मोठ्यांना आधी बसवा, त्यांना आधी वाढा, त्यांनी सुरुवात केल्यावर बाकीच्यांनी. वस्तू देता-घेताना दोन्ही हात. साहेबांना नुसत्या नावाने हाक मारू नका, आडनावापुढे हुद्दा आणि आदरार्थी 'निम' लावा, जसं 'किम बुजांगनिम' (बुजांग म्हणजे विभागप्रमुख). भेटीच्या कार्डावर नाव लाल शाईने लिहू नका. तुम्ही त्यांच्या घरी गेलात, तर भातात काड्या उभ्या खोचू नका, मृतांच्या पूजेत तसं करतात. आणि भाताचा वाडगा हातात उचलायचा नाही, टेबलावरच ठेवून खायचं.